तलासरीतला शेवटचा रकाना

डहाणूला जाऊन आले म्हटल्यावर आमच्या गल्लीत ज्याने त्याने एकच विचारलं, समुद्र कसा आहे? मी समुद्र पाहिला नाही. चार दिवस डहाणू रोड स्टेशनाजवळच्या लॉजवर राहिले, समुद्र तिथून रिक्षाने थोड्याच अंतरावर आहे असं सगळे सांगत होते, आणि तरी मी तो पाहिला नाही. समुद्राचं वाचायला आलेल्यांनी इथेच थांबलेलं बरं. मी जे पाहिलं ते कॉलेजांच्या सभागृहांत, एका खळ्यावर आणि एका कुलूप लावलेल्या प्रयोगशाळेच्या दारात पाहिलं.

आधी माझ्या धंद्याविषयी. सांगलीच्या कॉलेजात मी बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून गावोगावच्या कॉलेजांत जाऊन प्राध्यापकांना ‘अध्ययन निष्पत्ती’ समजावून सांगायचं काम पत्करलं. नाव भारदस्त, गोष्ट साधी. शिकून झाल्यावर मुलाला नेमकं काय करता येईल ते आधी लिहायचं. मग ते किती मुलांना आलं ते मोजायचं. नाही आलं तर पुढे काय करणार ते लिहायचं. यासाठी मी सात रकान्यांचा एक तक्ता तयार केलाय, आणि हल्ली तो माझ्या आधीच गावोगाव पोचलेला असतो. पहिल्या वर्षी हे सगळं मी तळमळीने सांगत असे. आता नुसतं सांगते. तेच विनोद त्याच जागी येतात, चहाही त्याच वाक्याला येतो, आणि घरी परतल्यावर गुडघ्यांना तेल लावून मी झोपते.

डहाणू रोड, गुरुवार

गाडीत असतानाच तलासरीच्या प्राचार्यांचा फोन आला. डहाणूच्या कॉलेजात माझा एक दिवस होता आणि पुढचे दोन दिवस त्यांच्याकडे. आमची गाठ कधी पडली नव्हती, पण ते जुनी ओळख असल्यासारखे बोलले.

“मॅडम, आमच्याकडे रेखा म्हणून एक मुलगी आहे. तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. चांगली आहे हो. पण तिच्या तक्त्यात एक आलाय. तीनपैकी एक. बाकी सगळ्या स्टाफचे तीन आहेत. पुढच्या महिन्यात कॉलेज तपासायला समिती येतेय. आमच्या संस्थेचे लोक आकडा बघतात. त्या एकावरून तिची पुढच्या सत्राची ऑर्डर अडकेल. तुम्ही जरा समजावून सांगा तिला.”

काय समजावून सांगायचं ते मला न सांगता कळलं. अशा विनंत्या दर दोन कॉलेजांमागे एकदा येतात, आणि त्यावरचं औषध माझ्या पिशवीत तयार असतं. मी बरं म्हटलं आणि पुन्हा खिडकीला डोकं टेकलं.

डहाणूत उतरून कॉलेजला जायला शेअर रिक्षा केली. रिक्षावाला पन्नाशीचा, सरावलीचा. अर्धं मराठी, अर्धं गुजराती. “बेसा ना बेन, अजून एक पॅसेंजर येते, मग निघू,” म्हणाला. त्या एका पॅसेंजरची आम्ही बरीच वाट पाहिली, मी सांगलीची हेही त्याने विचारून घेतलं. तेवढ्यात मी माझं भाषण चाळायला कागद काढले, चष्मा लावला, काढला, मांडीवर ठेवला. उतरताना कागद घेतले. चष्मा रिक्षातच राहिला.

सभागृहात उभी राहिल्यावर लक्षात आलं की समोरच्या लॅपटॉपवरचं मला काही दिसत नाहीये. पांढऱ्यावर निळसर काहीतरी, एवढंच. आता काय करायचं, तर नेहमीचं. मी पूर्ण दिवस तोंडपाठ बोलले. कुठल्या चित्रानंतर कुठलं येतं ते मला ठाऊक होतं. ‘समजेल’ असं लिहू नका, समजलेलं डोळ्यांना दिसत नाही. ‘ओळखता येईल’, ‘मोजता येईल’ असं लिहा, हे मी दुसऱ्या चित्राला सांगते, तेही सांगितलं. कुणालाही संशय आला नाही. दुपारी एक प्राध्यापक जवळ येऊन म्हणाले, “मॅडम, तुमची तयारी जबरदस्त आहे.” मला स्वतःचीच लाज वाटली, पण जेवणात वालाची उसळ आणि तांदळाची भाकरी इतकी चांगली होती की ती लाज फार वेळ टिकली नाही. आमच्याकडे तांदळाची भाकरी पाहुण्यांपुढे ठेवत नाहीत, ज्वारीचीच ठेवतात. इथे उलट. पाहुणीला तांदळाची, आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, आपल्यासाठी झाकून ठेवलेली.

लॉजचा व्हरांडा, त्याच संध्याकाळी

प्राचार्यांनी पाठवलेली रेखा आली ती पाचच्या सुमाराला. तिशीची, काटक, दोन वेण्या घालणारी मुलगी वाटावी अशी. राहायला गंजाडला, आईवडिलांकडे, नोकरी तलासरीला. दोन गाड्या बदलून रोज जाते-येते. तिने पिशवीतून तक्ता काढून माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, “माझा चष्मा हरवलाय. तूच वाच.”

एरवी असा तक्ता मी अर्ध्या मिनिटात उलटते. नजर सरळ आकड्यावर जाते आणि तिथूनच परत फिरते. या वेळी तो ऐकावा लागला.

“अपेक्षित निष्पत्ती,” ती वाचू लागली. “मातीचा नमुना योग्य रीतीने घेऊन त्याचा आम्ल-अल्कधर्मी गुण तपासता येईल. उद्दिष्ट, दहापैकी सात विद्यार्थ्यांना. प्रत्यक्ष, दहापैकी चार. पातळी एक.” मग ती थांबली.

“पुढे?”

“पुढे शेवटचा रकाना आहे, मॅडम. उपाययोजना.”

“वाच ना.”

“प्रयोगाच्या आठवड्यात आवणी, म्हणजे भातलावणी, असल्यामुळे अकरा विद्यार्थिनी गैरहजर होत्या. त्यांना शनिवारी सकाळी प्रयोग पुन्हा करून देणे. तरीही न आल्यास आणखी एकदा. वहीतल्या उत्तरावर न जाता प्रत्येकीने स्वतः केलेला प्रयोग पाहणे.”

मी पाय वर घेऊन बसले होते, ते खाली घेतले. तो रकाना मीच तक्त्यात घातला होता, पण कुणी भरलेला कधी ऐकला नव्हता. सगळ्यांना तीन मिळालेले असतात, त्यामुळे तिथे सगळे ‘लागू नाही’ लिहितात.

तरी मी पिशवीतलं औषध काढलंच. थकलेल्या माणसाला सवयीचं बोलणं सोपं जातं. म्हटलं, “हे बघ, खोटं काही करायचं नाही. उद्दिष्टात तू सात लिहिलंस, तिथे चार कर. दहात चौघांना आलंय, म्हणजे उद्दिष्ट पूर्ण. पातळी तीन होते. नियमात बसतं. ऑर्डर अडकत नाही.”

तिने मान हलवली. पेनही काढलं. मग विचारलं, “मग शेवटचा रकाना?”

“तो मग लागू नाही.”

“मग चावी कशी मिळणार, मॅडम?”

मला कळेना. तिने समजावून सांगितलं. प्रयोगशाळेचा परिचर निवृत्त झाला, ती जागा भरली नाही. चावी ऑफिसात असते. वेळापत्रकाबाहेर उघडायची तर ऑफिस लेखी कारण मागतं. पहिल्यांदा तिने अर्ज केला, तो दिवाळीपर्यंत पडून राहिला. मग तिने या तक्त्याची झेरॉक्स जोडली. निष्पत्ती अपुरी, उपाययोजना अमुक. त्यावर प्राचार्यांची सही झाली आणि चावी मिळाली. गेले तीन शनिवार त्याच झेरॉक्सवर प्रयोगशाळा उघडते.

“पातळी तीन झाली की मुलींना सगळं आलेलं असणार ना कागदावर,” ती म्हणाली. “मग शनिवारी उघडायचं कारणच राहत नाही.”

हे ती कुठलाही आव न आणता म्हणाली. मी मात्र तिथे बसून मनातल्या मनात कॉलेजं आठवू लागले. ही युक्ती मी किती ठिकाणी दिली असेन, आणि त्यातल्या किती दारांना तेव्हापासून कुलूप असेल, याचा हिशोब मला कधी लागणार नव्हता. मी म्हटलं, “आज काही बदलू नकोस. उद्या बघू.” ती शेवटची गाडी पकडायला निघाली तेव्हा तिचं पेन माझ्याच टेबलावर राहिलं. आम्हा दोघींचा विसराळूपणा सारखाच.

तलासरी, शुक्रवार

डहाणूहून तलासरीला जाताना दोन्ही अंगांना भाताची कापलेली शेतं होती, मधूनमधून खळी, आणि उंच ताडांना बांधलेली मडकी. जवळचं वाचायला चष्मा लागतो, लांबचं मला अजून स्वच्छ दिसतं, म्हणून हे सगळं पोटभर पाहिलं. हायवेला लागलो तशा गुजरातेतल्या उंबरगावच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या बसगाड्या दिसू लागल्या. त्यात कॉलेजच्या वयाची मुलं-मुली डोळे मिटून बसली होती. शेजारच्या बाईंनी सांगितलं की ही पाळीवरची मुलं, यांतली काही दुपारी कॉलेजातही येतात. आमच्याकडे साखर कारखाना असतो पण त्यासाठी कुणी राज्याची सीमा ओलांडत नाही. इथे तलासरी सोडली की पुढचं दुकान गुजरातीत.

प्राचार्य पन्नाशी ओलांडलेले, नीटनेटके, टेबलावर रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी. “बोललात का तिच्याशी?” हा त्यांचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, “बोलतेय.”

सभागृहात पंधरा जण होते, रेखा धरून. मी चष्म्याची हकिगत सांगितली आणि म्हटलं, प्रत्येकाने आपला तक्ता मोठ्याने वाचा. मला वाटलं होतं अर्ध्या तासात होईल. दुपार झाली. इतिहास वाचला, भूगोल वाचला, भौतिकशास्त्र, वाणिज्य, मराठी. प्रत्येकाची पातळी तीन, प्रत्येकाच्या शेवटच्या रकान्यात ‘लागू नाही’. वाचून दाखवताना सुरुवातीला कुणाला काही वाटलं नाही. सातव्या-आठव्या माणसापासून ‘लागू नाही’ म्हणताना आवाज उतरू लागला. वाणिज्यवाल्यांनी तर ते शब्द खोकल्यात घातले. रेखाने शेवटी वाचलं. कुणी मान वर केली नाही.

दुपारी प्राचार्य मला हायवेकडेच्या टपरीवर उंबाडियू खायला घेऊन गेले. थंडीतला पदार्थ. पापडी, रताळी, कंद मडक्यात भरून, वर रानातला पाला कोंबून मडकं उपडं करतात आणि भोवती जाळ घालतात. आमच्या हुरड्याइतकाच माणसाला मऊ करणारा प्रकार. हिरव्या चटणीशी खाताखाता प्राचार्यही जरा मऊ झाले.

“मला तिला ठेवायचंय, मॅडम, म्हणूनच म्हणतोय,” ते म्हणाले. “शनिवारची चावी मीच देतो. माझ्या सहीने. अख्ख्या कॉलेजात त्या रकान्यात लिहिणारी ती एकटी आहे, हे मला नाही का दिसत?”

“मग?”

“मग समितीपुढे जाणाऱ्या गोषवाऱ्यावरही माझीच सही. चौदा जणांचे तीन आणि एकीचा एक. विचारणार ना, हिच्याच वर्गात काय बिघडलंय? संस्था म्हणेल, दुसरी बघा. तासिकेवरच्या माणसाला काढावं पण लागत नाही, नुसतं पुन्हा बोलावलं नाही की झालं.”

त्यांनी माझ्याकडे आणखी एक रताळं सरकवलं. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. तेही माझ्यासारखेच दमलेले होते, आणि त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, कदाचित गोळीही तीच घेतली असती.

गंजाड, संध्याकाळ

परतताना रेखा म्हणाली, “वाट वाकडी करून आमच्याकडे या. मग माझा भाऊ तुम्हाला डहाणूला सोडेल.” वाटेतल्या रानशेतच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी मी विचार करत होते की नाही कसं म्हणावं. ते जमलं नाही म्हणून गेले.

घराच्या मागे शेणाने सारवलेलं खळं. भाताची झोडणी संपत आली होती. रेखाची आई सुपाने भात वारवत होती, वडील पेंढा रचत होते. मला पाहून आईने सूप खाली ठेवलं नाही, वाऱ्याची झुळूक जाऊ दिली नाही, हे मला फार आवडलं. ढीग संपल्यावर पदराला हात पुसत आली.

“बसा बाई. चाय घेता का भाकर खाता?”

“दोन्ही,” मी म्हटलं. दोन्ही मिळालं. कोरा चहा, नागलीची भाकरी, उडदाचं वरण, सुकटीची चटणी. या वेळी झाकलेली भाकरी माझ्या ताटात आली, तेव्हा मला पाहुणी नाही असं वाटलं.

आईने थोड्या वेळाने सरळ विचारलं, “हिची ऑर्डर हाय का नाय?”

रेखा म्हणाली, “आई, मॅडम त्यासाठी नाही आल्या.”

“मंग कशाला आल्या?”

विषय बदलायचा म्हणून मी म्हटलं, एवढं भात तुम्ही चौघांनी लावलं? आई हसली. “चौघांनी कसं होल? पाड्यावरच्या सगळ्या येतात. आज आमच्यात, उद्या त्यांच्यात. हिच्या वर्गातल्या तिघी पण होत्या ना. जयू, कमळी, नि ती ठाकऱ्यांची.”

आमच्याकडे याला पैरा म्हणतात. तुमच्या शेतात आमचा दिवस, आमच्या शेतात तुमचा. दिवसाच्या बदल्यात दिवसच द्यायचा, दुसरं काही चालत नाही, आणि ज्याने परत केला नाही त्याच्याकडे पुढच्या वर्षी कुणी फिरकत नाही. ऊस आला तसा आमच्याकडचा पैरा कमी झाला. इथे तो जिवंत होता.

मी रेखाकडे बघितलं. तिने ताटातली भाकरी मोडायची थांबवली होती.

“तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, मॅडम,” ती म्हणाली. “मी त्या आठवड्यात कॉलेजात प्रयोग घेत होते. आणि त्या तिघी इथे आमच्या चिखलात होत्या. माझ्या घरचं भात लावायला. मी तिकडे त्यांना गैरहजर लावलं. घरी आले तर त्या आमच्याच ओट्यावर पाय धूत बसलेल्या.” मग म्हणाली, “त्यांचा दिवस माझ्याकडे आहे. आणि बाकीच्या आठ जणी कुणाकुणाच्या शेतात होत्या, त्यांचाही कुणीतरी द्यायलाच पाहिजे. शनिवार सोडून मी तो कधी देऊ?”

आई म्हणाली, “दिवस द्यावाच लागतो.” तिला तक्ता माहीत नव्हता, पण एवढं तिला माहीत होतं. मला रडू आलं. सुकट तिखट आहे असं सांगून मी पाणी मागितलं.

तलासरी, शनिवार

सकाळी आठला मी प्रयोगशाळेच्या दारात हजर. ऑफिसच्या माणसाने झेरॉक्स पुन्हा एकदा वाचली, जणू तीन शनिवारांत ती बदलली असेल, आणि कुलूप काढलं. अकरा जणी आल्या, प्रत्येकीच्या हातात कागदाच्या पुडीत आपापल्या शेताची माती. चाळून घेतली, पाण्यात हलवली, निवळू दिली, वरच्या पाण्यात थेंब टाकले आणि नळ्या रंगांच्या पट्टीशी धरल्या. कमळीच्या मातीचा रंग कुठल्याच चौकटीत बसेना.

“मॅडम, हा मधलाच येतो,” ती रेखाला म्हणाली.

“मग मधलाच लिही.”

“पट्टीत नाही ना मधला.”

“पट्टीत नसला तरी नळीत आहे ना? लिही.”

दोघी-तिघींचं चुकलं. रेखाने नळ्या धुवायला लावल्या आणि पुन्हा सुरू करायला सांगितलं. बत्तीस वर्षांत मी असे किती प्रयोग घेतले, पण दारात उभं राहून दुसऱ्याचा प्रयोग पाहायची वेळ मला कधी मिळाली नव्हती.

दहाला सभागृहात गेले. नेहमीप्रमाणे समारोप, आभार, मग प्रमाणपत्रं. ती टेबलावर रचून ठेवली होती, माझ्या सहीसाठी. बढतीच्या फायलीला हे प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे त्या सहीला थोडी किंमत आहे. माझ्यापाशी तेवढंच एक हत्यार होतं. मी रेखाचंच विसरलेलं पेन हातात घेतलं, आणि सही न करता म्हटलं की ज्याचा शेवटचा रकाना खरा भरलेला असेल त्याच्याच प्रमाणपत्रावर मी सही करणार.

सभागृहात कुजबुज झाली. वाणिज्यवाले म्हणाले, “मॅडम, असं काही परिपत्रकात नाही.” मी म्हटलं, नाही. भूगोलवाल्या मॅडम म्हणाल्या, “पण आमची पातळी तीन आहे.” मी म्हटलं, “काल तुम्ही वाचलीत तेव्हा तुम्हाला स्वतःला ती खरी वाटली का, तेवढं बघा.” माझी युक्तीही मी त्यांना सांगितली, उद्दिष्ट खाली आणायची, आणि ती मी गावोगाव वाटत आलेय हेही. मग खुर्ची ओढून बसले.

मग इतिहासाचे धोडी सर, सगळ्यांत वयस्कर, जवळच्याच पाड्यावरचे, तक्ता पुढ्यात ओढत म्हणाले, “म्हणजे आज सगळ्यांनी रेखाच्या शेतात उतरायचं.”

दोन-तीन जण हसले. इथल्या माणसांना ते समजावून सांगावं लागलं नाही. धोडी सरांनी लिहायला सुरुवात केली आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणू लागले, “मुलांना नकाशावर आपला तालुका दाखवता येत नाही. मी कधी नकाशा वर्गात नेलेला नाही. तो कपाटात आहे. कपाटाची चावी माझ्याकडेच आहे.” मग भौतिकशास्त्राच्या मॅडमनी लिहिलं, मग मराठीच्या सरांनी. काहींनी तीन खोडून दोन केले, काहींनी एक. दुपारपर्यंत बारा तक्ते झाले. तिघे सही न घेता निघून गेले, आणि जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांचंही मला चूक म्हणवत नाही.

प्राचार्य मागे उभे राहून सगळं पाहत होते. त्यांनी तक्ते गोळा केले, एकेक उलटून बघितला.

“आता ती एकटी नाही,” मी म्हटलं.

“हो. आता सगळं कॉलेजच खराब आहे,” ते म्हणाले. मग खुर्चीवर बसले. “मॅडम, तुम्ही उद्या सांगलीला जाणार. समिती माझ्याकडे येणार.”

ते शंभर टक्के खरं होतं. त्यांनी तक्ते फेकून दिले नाहीत, कपाटात ठेवले, आणि कुलूप लावलं की नाही ते मला चष्म्याशिवायही दिसलं असतं, पण मी बघितलं नाही. रेखा फाटकापर्यंत आली. आभार वगैरे मानले नाहीत. “आईने भात दिलाय,” म्हणून एक पिशवी हातात दिली. नव्या भाताचे तांदूळ होते.

डहाणू रोड, रविवार

सकाळी स्टेशनाबाहेर सरावलीचा तो रिक्षावाला मला शोधत उभा होता. तीन दिवस चष्मा खिशात घालून फिरत होता. “बेन, सांगलीवाला बेन, असं सगळ्यांना विचारत होतो,” म्हणाला. मग जरा ओशाळून, “एक सांगू? माझे बायकोने लावून बघितला. तिने सुई ओवली. दोन वर्षांनी.”

चष्मा मी पुन्हा त्याच्याच हातात दिला. घरी माझा दुसरा होता. गाडीत काही वाचता आलं नाही, म्हणून तांदळाची पिशवी मांडीवर घेऊन झोपले. दमले तर होतेच, पण या वेळी झोप लागली.

सांगली

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते माळ्यावरची माझी जुनी फाईल काढण्याचं. नोकरीच्या शेवटच्या वर्षाचा माझा स्वतःचा तक्ता. दुसरा चष्मा लावून पाहिला. पातळी तीन. शेवटच्या रकान्यात माझ्याच अक्षरात ‘लागू नाही’. त्या वर्षी माझ्या वर्गात कोण गैरहजर असे ते आठवायचा खूप प्रयत्न केला. एकही चेहरा आठवला नाही.

तीन आठवड्यांनी रेखाचा मेसेज आला. समिती येऊन गेली होती. समितीने तक्ते बघितले, काही विचारलं नाही, लिहून काय घेतलं ते कुणाला दिसलं नाही. शनिवारी आता भौतिकशास्त्राच्या मॅडमही चावी मागतात. शेवटी एक ओळ होती, ऑर्डरचं अजून काही नाही.

मी ‘काळजी करू नकोस’ असं लिहिलं आणि पुसलं. ‘तुझ्यासारख्या मुलीला कोण काढेल’ असं लिहिलं, तेही पुसलं, कारण कोण काढेल ते मला प्राचार्यांनी टपरीवर सांगितलं होतं. शेवटी एवढंच विचारलं, अकराही जणींना आलं का?

उत्तर लगेच आलं.

“नऊ जणींना आलं, मॅडम. दोघींना अजून नाही. शनिवारी पुन्हा.”